उभी चौकट आणि आडवी चौकट



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. व्हिडिओ उभा घेतला आहे की आडवा, हे सर्व्हर नावाच्या यंत्राने ओळखावे कसे, हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात शोभावा; तो व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत तेच होते. ते कसे पालटले, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

आम्ही एका लहानशा ग्रंथालयाचे काम पाहतो. त्याच्या संकेतस्थळासाठी जात्यावरच्या ओव्या जमवाव्यात असे आम्ही योजिले होते. एका विद्यार्थिनीने आपल्या पणजीच्या ओव्या मोबाईलवर टिपून आणल्या. फिती एकंदर सात. म्हातारी नव्वदीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. समोर जाते, खुंट्यावर तिचा एक हात, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालणे चालू, आणि खाली पिठाची रास. वार्षिक सभेत पडद्यावर पहिली फीत लावली, तो म्हातारी आडवी! जाते भिंतीला खिळल्यासारखे, आणि पीठ डावीकडून उजवीकडे उडते आहे. सभागृहातल्या साऱ्या माना एकदम डाव्या खांद्यावर कलल्या. मागच्या रांगेत हशा पिकला. ती मुलगी रडवेली होऊन सांगत होती, "माझ्या मोबाईलमध्ये सरळ दिसतं हो!" आणि ती खरेच सांगत होती.

मग चूक कोणाची? हा शोध घेता घेता आम्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे गेलो.

तसे पाहिले तर उभ्या-आडव्याचा हा तंटा त्याहूनही जुना आहे. आपल्याच घरात पाहा. पोथी आडवी आणि जन्मपत्रिकेची गुंडाळी उभी. पोथी आडवी का? ताडाचे पान लांब आणि अरुंद, म्हणून. पुढे कागद आला. कागदाला असले काही बंधन नव्हते. त्यानंतर छापखाना आला, त्यालाही नव्हते. तरी पोथीने आपला आडवेपणा सोडला नाही. सामग्रीने लावलेली सवय सामग्री गेल्यावरही टिकते. पुढच्या हकीकतीत हे पुन्हा पुन्हा घडणार आहे, म्हणून एवढे ध्यानात असू द्यावे.

अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन हा गृहस्थ हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करीत होता. १८९१ साली त्याने जे यंत्र दाखविले, त्यातली फीत पाऊण इंच रुंदीची होती, ती आडवी धावत असे, आणि तिच्यावरची चित्रे चक्क गोल होती. म्हणजे चलच्चित्र बाल्यावस्थेत उभेही नव्हते आणि आडवेही नव्हते. परंतु हा गोलपणा फार टिकला नाही. ईस्टमनच्या कारखान्यातून सत्तर मिलिमीटर रुंदीची फीत येई. डिक्सनने ती मधोमध कापून पस्तीस मिलिमीटरची केली, दोन्ही कडांना छिद्रे पाडली, आणि दर चित्राला चार छिद्रे असा हिशेब बसविला. फीत आता वरून खाली धावू लागली. चित्राची रुंदी एक इंच, उंची पाऊण इंच. चारास तीन हे जे प्रमाण पुढे अर्धे शतक चित्रपटावर आणि त्यानंतर दूरचित्रवाणीवर राज्य करणार होते, ते असे एका फितीच्या रुंदीतून आणि चार छिद्रांतून जन्मास आले.

यातली एक गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. फीत उभी धावत असल्यामुळे चित्राची रुंदी फुकट मिळते; कडेच्या छिद्रांपर्यंत ती काठोकाठ भरावी. उंचीला मात्र दाम मोजावा लागतो. पाऊण इंचाच्या हिशेबाने एका फुटात सोळा चित्रे बसतात. चित्र रुंदीपेक्षा उंच केले, तर तेवढ्याच फितीत चित्रे कमी बसणार आणि खर्च वाढणार. चित्र आडवे राहिले याला डोळ्यांची बैठक, नाटकगृहाचा रंगमंच अशी अनेक कारणे सांगितली जातात, आणि तीही असतील. आमच्या मते मात्र या फुटांच्या हिशेबाला त्यात मोठा वाटा दिला पाहिजे.

पॅरिसला १९०९ साली चित्रपट तयार करणाऱ्यांची परिषद भरली आणि पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर शिक्कामोर्तब झाले. आता हे प्रकरण नाशिक-मुंबईपर्यंत कसे पोहोचले ते पाहा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी मागविले. कोरी फीत त्या वेळी छिद्रांविना येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून ती हाताने यंत्रातून सरकवावी लागे, आणि हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. घरची भांडीकुंडी आणि माणसांचा स्वयंपाक सांभाळून त्या माउलीने काळोखात जी छिद्रे पाडली, ती डिक्सनने घालून दिलेल्या अंतरावर, चित्रास चार अशी पडत होती. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. कथा आपल्या पुराणातली, कसब आपले, पण चौकट न्यू जर्सीतली. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. पोथीच्या आकाराबद्दलही आपण ताडाच्या झाडाला कधी जाब विचारला नव्हता.

बोलपट आला आणि या चौकटीला प्रथमच धक्का बसला. ध्वनीची रेघ फितीवरच एका कडेला छापावयाची, म्हणजे तेवढी रुंदी चित्रातून वजा. चित्र जवळजवळ चौरस झाले. हे चालावे का, नाही तर नवे प्रमाण कोणते घ्यावे, याचा हॉलिवूडमध्ये खल सुरू झाला. त्या वादात एक परदेशी पाहुणा उभा राहिला. तो म्हणजे रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन. १७ सप्टेंबर १९३० रोजी अकादमीच्या तंत्रज्ञांपुढे त्याने जे भाषण केले, ते आजही वाचण्यासारखे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की, चित्रपटाने आपल्या आयुष्याची तीस वर्षे सरपटत काढली आहेत. उंच झाड, कारखान्याचे धुराडे, उभा माणूस यांना त्यात न्याय नाही. तेव्हा पडदा चौरस करा, म्हणजे दिग्दर्शकाला प्रसंगाप्रमाणे उभे चित्र, आडवे चित्र, वाटेल ते त्यात मांडता येईल.

सभेतल्या मंडळींनी ऐकून घेतले आणि नेमके उलट केले. १९३२ साली अकादमीने बावीस मिलिमीटर रुंद आणि सोळा मिलिमीटर उंच असे चित्र ठरवून दिले. ध्वनीच्या रेघेने रुंदी खाल्ली, तर उंचीही छाटून टाका आणि जुना आडवेपणा परत मिळवा, असा तो निकाल होता. योगायोग असा की, त्याच १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट पडद्यावर आला आणि हरिश्चंद्र मराठीत बोलू लागला. राजा तोच, डोंबाघरचे पाणी तेच. त्याच्या भोवतीच्या चौकटीवर मात्र दूर कोठे तरी पुन्हा एकदा बैठक झाली होती.

त्यापुढचा काळ आम्ही धावतच सांगतो, कारण त्यात आडव्याने आणखी आडवे होण्याखेरीज फारसे काही घडले नाही. घरोघरी दूरचित्रवाणी आली, तिने चारास तीन हे प्रमाण उचलले. आता लोकांना थिएटरात खेचावे कसे, म्हणून १९५३ साली सिनेमास्कोपचा लांबरुंद पडदा आला. आपल्याकडे गुरुदत्तांचा 'कागज के फूल' १९५९ साली त्याच पडद्यावर झळकला. पुढे १९८० नंतरच्या दशकात नव्या दूरचित्रवाणीचे प्रमाण ठरविताना कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचारातल्या सर्व चौकटी एकावर एक ठेवून पाहिल्या आणि सोळास नऊ ही चौकट सुचविली. चारास तीन आणि सिनेमास्कोप यांच्या बरोबर मध्ये ती बसते. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले म्हणजे तीच येते. तडजोड म्हणून ती उत्तम होती. पण ही तडजोड दोन आडव्यांमधली होती; उभ्याला बैठकीचे बोलावणेच नव्हते.

येथे एक शंका कोणालाही येईल. फोटो तर पहिल्यापासून उभेही निघतात. वधूवरांचा उभा, वऱ्हाडाचा आडवा, हे आपण आजोबांच्या भिंतीवर पाहिले आहे. मग हलत्या चित्राचेच असे काय अडले होते? उत्तर साधे आहे. फोटो कागदावर निघतो आणि कागद हातात फिरविता येतो. लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, तो सिनेमाच्याच फितीवर चित्रे घेत असे. तो उभा धरा वा आडवा, छापलेला कागद वळविला की काम झाले. पडदा मात्र भिंतीला खिळलेला, आणि दूरचित्रवाणीचा खोका फडताळात बसविलेला. तो कोण वळविणार? म्हणून चलच्चित्रणाचा कॅमेरा उभा धरण्याचे कोणाच्या मनातच येत नसे.

ही स्थिती मोबाईलने पालटली. मोबाईल मुळात कानाशी धरण्याचे यंत्र. एका हातात मावावे आणि अंगठा सगळीकडे पोहोचावा म्हणून ते उभे. त्यात कॅमेरा बसविला आणि माणसे तो साहजिकच उभा धरूनच चित्रे घेऊ लागली. आमच्या पणजीबाईंच्या हकीकतीची गुरुकिल्ली येथेच आहे.

मोबाईलच्या भिंगामागे प्रकाश टिपणारी एक चिमुकली पाटी असते. तिच्यावर रांगा आखलेल्या असतात आणि चित्र रांगेरांगेने वाचले जाते. ही पाटी मोबाईलमध्ये पक्की बसविलेली असते. मोबाईल उभा धरला म्हणून ती आत फिरत नाही. म्हणजे उभ्या मोबाईलने घेतलेले चित्र पाटीच्या दृष्टीने आडवेच पडलेले असते. ते वळविणे भाग आहे. पण एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके, आणि सेकंदाला अशी तीस चित्रे. सहा कोटींवर ठिपके दर सेकंदाला उचलून नव्या जागी ठेवणे हे लहानशा यंत्राला आणि त्याच्या बॅटरीला जड जाणारे काम. तेव्हा अभियंत्यांनी एक युक्ती योजिली, जी हमालखान्यात फार दिवसांपासून चालत आली आहे. पेटी वळवीत बसू नका. तिच्यावर 'ही बाजू वर' अशी चिठ्ठी चिकटवा.

वरची बाजू कोणती हे मोबाईलला कसे कळते? गवंड्याच्या ओळंब्याने. मोबाईलच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार तारांवर तोललेला असतो. पृथ्वी त्याला ज्या दिशेला ओढते, ती खालची बाजू. हा ओळंबा मोठा विश्वासू आहे, पण एके ठिकाणी तोही फसतो. अंगणातली रांगोळी किंवा पंगतीतले वाढलेले ताट वरून टिपण्यासाठी आपण मोबाईल आडवा, जमिनीशी समांतर धरतो. त्या वेळी भार पडद्याच्या आरपार खाली ओढला जातो, आणि चारांपैकी कोणतीही कड 'वर' ठरू शकते. रांगोळीचे व्हिडिओ वेडेवाकडे निघतात त्यात रांगोळी काढणारीचा काहीच दोष नसतो. शिवाय चित्रण सुरू करताना जी चिठ्ठी पडली तीच शेवटपर्यंत राहते. मध्येच मोबाईल वळविला, तर चिठ्ठी बदलत नाही.

स्थिर चित्रांसाठी अशा चिठ्ठीचा नियम जपानी उद्योगसंघटनेने १९९५ साली एक्झिफ या नावाने घालून दिला. तिच्यात एक ते आठ यांपैकी एक आकडा असतो; चार दिशा आणि त्यांची आरशातली चार प्रतिबिंबे. चलच्चित्राची चिठ्ठी त्याहून जुनी आणि अधिक पांडित्याची आहे. ॲपल कंपनीने १९९१ साली क्विकटाईम हा फायलींचा प्रकार काढला, आणि शतक पालटताना एमपीफोर या प्रकाराला त्याचीच रचना पायाभूत म्हणून घेतली गेली. या रचनेत प्रत्येक चित्रमालिकेच्या मथळ्यात नऊ आकडे असतात, तीन ओळींत तीन-तीन. एकंदर जागा छत्तीस बाइट. चित्र सरळ असेल तर पहिल्या ओळीत ६५५३६ आणि दोन शून्ये, दुसऱ्या ओळीत मधल्या घरात ६५५३६. हा ६५५३६ म्हणजे नुसता 'एक' होय. अपूर्णांकाला जागा राहावी म्हणून तो असा मोठा करून लिहितात, जसा एक रुपया शंभर पैसे म्हणून लिहावा. चित्र प्रदक्षिणेच्या दिशेने पाव फेरा वळवावयाचे असेल, तर पहिल्या ओळीतला 'एक' एक घर पुढे सरकतो, दुसऱ्या ओळीतला एक घर मागे येऊन ऋण होतो, आणि तिसऱ्या ओळीत चित्र किती सरकवावे ते लिहिले जाते. बस्स. म्हातारी उभी की आडवी, हे एवढ्यावर ठरते.

आता सर्व्हरकडे वळू. सर्व्हर हे दूर कोठे तरी चालू असलेले यंत्र. त्याला डोळे नाहीत. त्याच्यापाशी फाईल येते ती आकड्यांची रास म्हणून. आमच्या संकेतस्थळाचा सर्व्हर प्रत्येक फाईलची रुंदी आणि उंची विचारीत असे. उत्तर मिळे १९२० आणि १०८०. रुंदी जास्त, म्हणजे आडवा व्हिडिओ, असा निकाल देऊन तो पुढच्या कामाला लागे. तो खोटे बोलत नव्हता. पाटीच्या दृष्टीने चित्र तेवढेच रुंद होते. पण निकाल देण्यापूर्वी त्याने तिसरा प्रश्न विचारावयास हवा होता, की चिठ्ठी काय म्हणते? वळण नव्वद किंवा दोनशे सत्तर अंशांचे असेल, तर रुंदी आणि उंची यांची अदलाबदल करावी, आणि मगच तुलना करावी. सारे मर्म या एका अदलाबदलीत आहे.

आमच्याकडे तर त्याहून वाईट झाले होते. फायली हलक्या व्हाव्यात म्हणून सर्व्हर त्या नव्याने बांधीत असे, आणि बांधताना जुनी चिठ्ठी नव्या गाठोड्यावर लावीत नसे. पेटी तशीच आडवी, आणि वरची चिठ्ठी गेलेली. विद्यार्थिनीच्या मोबाईलने चिठ्ठी वाचून म्हातारी सरळ दाखविली. आमच्यापाशी पोहोचेपर्यंत चिठ्ठीच उरली नव्हती.

या कामासाठी जगभर एफएफएमपेग नावाची साधने वापरतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच गणितज्ञ-प्रोग्रामरने २००० साली ती सुरू केली. ती कोणालाही मोफत मिळतात. त्यातले एफएफप्रोब हे साधन फाईल उघडून रुंदी, उंची आणि वळण सांगते. मात्र त्यात एक गंमत आहे. जुन्या पद्धतीत वळण प्रदक्षिणेच्या दिशेने मोजून 'नव्वद' असे सांगितले जाई. नव्या पद्धतीत तेच वळण उलट दिशेने मोजून 'उणे नव्वद' येते. वस्तू एक, नावे दोन. नुसती अदलाबदल करावयाची असेल तर याने बिघडत नाही, कारण पाव फेरा कोणत्याही बाजूने घेतला तरी लांबी-रुंदी बदलतेच. चित्र खरोखर वळवावयाचे असले की मात्र अनेकांची म्हातारी सरळ होण्याऐवजी शीर्षासन करते.

दुसरी अडचण फाईलच्या बांधणीतली. हा मथळा बहुतेक वेळा फाईलच्या शेवटी असतो. कारण उघड आहे. चित्रण किती वेळ चालणार हे मोबाईलला आधी ठाऊक नसते. दुकान बंद करताना जमाखर्च मांडावा तसा तो शेवटी सारा हिशेब लिहितो. म्हणून फाईलचा आरंभ हाती येताच निकाल देता येत नाही. पुरी फाईल येईपर्यंत थांबावे लागते. शहाणा सर्व्हर मग तो हिशेब उचलून फाईलच्या अग्रभागी ठेवतो, जेणेकरून पाहणाऱ्याला वाट पाहावी लागू नये.

आणि हे सारे जाणून करावयाचे काय? तर पाहणाऱ्याच्या हातातल्या पडद्याशी त्याचा मेळ घालावयाचा. पूर्वी संकेतस्थळाची पाने एका ठराविक रुंदीची आखीत. मोबाईलवर ती म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन आरेखकाने एका लेखात अशी कल्पना मांडली की, पान एकच असावे आणि त्याने पडद्याप्रमाणे आपली मांडणी बदलावी. जून २०१२ मध्ये वेबच्या मानकसंस्थेने त्यासाठीचे नियम कायम केले. पडदा उभा की आडवा हे विचारण्याची सोय त्यात आहे. त्या नियमात चौरस पडदा 'उभा' समजला जातो. आयझेनस्टाईनचा चौरस अखेरीस उभ्याच्या पदरात पडला, हे पाहावयास तो हवा होता!

परंतु हा नियम पडद्याविषयी बोलतो, व्हिडिओविषयी नाही. पडदा उभा आणि व्हिडिओ आडवा, किंवा त्याच्या उलट, असे असू शकते. आणि खरी कसोटी तेथेच लागते. उभा व्हिडिओ सोळास नऊच्या आडव्या चौकटीत पुरा बसवावा, तर पडद्याचा तिसरा हिस्सादेखील भरत नाही; दोन्ही बाजूंना काळोख. तोच व्हिडिओ चौकट काठोकाठ भरेल असा मोठा करावा, तर चित्राचा तिसरा हिस्सादेखील उरत नाही. वरचे आणि खालचे सारे कापले जाते. एकीकडे पडदा वाया जातो, दुसरीकडे चित्र. आम्ही काळोख पत्करू. काळोख पुढे कधी भरून काढता येतो; कापलेले परत येत नाही.

लोक मात्र बराच काळ उभ्या व्हिडिओलाच हसत होते. यूट्यूबने २००८ साली आपली चौकट सोळास नऊची केली आणि उभे चित्र अधिकच अडगळीत पडले. २०१२ साली तर उभ्या चित्रणाची रेवडी उडविणारी बाहुल्यांची एक फीत जगभर पाहिली गेली. त्या हशात थोडी तज्ज्ञांची घमेंडही होती. पण वारे फिरले. चीनमधून निघालेल्या टिकटॉकने उभी चौकटच बाजारपेठ केली. भारत सरकारने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली, आणि त्या मोकळ्या जागेत जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स उतरले. सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या उभ्या 'शॉर्ट्स'चा पहिला प्रयोग भारतातच केला. हॉलिवूडच्या सभेत नाकारलेला मुद्दा नव्वद वर्षांनी असा मान्य झाला. तो विद्वानांनी मान्य केला नाही. ज्यांनी कधी सिनेमाचा अभ्यास केला नाही त्या कोट्यवधी अंगठ्यांनी करून घेतला.

आमच्या सात फितींचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. सभेतल्या फजितीनंतर आम्ही घाईघाईने दुरुस्ती केली. फिती वळवून सरळ केल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण संकेतस्थळाच्या पानावरची चौकट आडवी. बाजूचा काळोख आम्हाला अशोभनीय वाटला, म्हणून व्हिडिओ चौकट भरतील असे मोठे करून पुन्हा बांधले. पान फार सुरेख दिसू लागले. म्हातारीचा चेहरा ठसठशीत. जागा वाचावी म्हणून आधीच्या फायली पुसून टाकल्या. हे सर्व आम्हीच केले. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची सोय नाही.

दीड वर्षाने ओव्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी सातही फिती पाहिल्या आणि विचारले, "कडव्याचा ठेका कुठं पडतो ते कळत नाही. हात कुठं आहेत?" हात नव्हते. खुंटा नव्हता, वैरण घालणारी मूठ नव्हती, पीठही नव्हते. आम्ही चौकटीबाहेर टाकलेल्या दोन-तृतीयांशात ते सारे गेले होते. ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. खुंटा अंगाजवळ येतो तेव्हा शब्द कोठे तुटतो, हेच त्यांना पाहावयाचे होते. पणजीबाई तोवर वारल्या होत्या. मुलीने जुना मोबाईल मोडीत दिला होता.

शोधाशोध केल्यावर सातांपैकी एक फीत त्या मुलीच्या आत्याच्या संगणकावर सापडली. कधी तरी वायरने उतरवून ठेवलेली, मुळातली. आम्ही ती उघडली तेव्हा आधी मथळा पाहिला. रुंदी १९२०, उंची १०८०, आणि नऊ आकडे जागच्या जागी, पहिल्या ओळीतला 'एक' एक घर पुढे सरकलेला. मग चित्र लावले. म्हातारी ताठ बसलेली, खुंट्यावर हात, आणि चौथ्या ओवीच्या मध्यावर ती क्षणभर थांबून वैरणीची मूठ घालते, तेवढा वेळ ओवी हवेत लोंबकळत राहते आणि जात्याच्या पुढच्या फेऱ्याबरोबर खाली येते. त्या बाईंनी तेवढा भाग पाच वेळा लावून घेतला आणि आपल्या वहीत काही खुणा केल्या. ती फाईल आम्ही आली तशी, चिठ्ठीसकट, वेगळी ठेवली आहे. संकेतस्थळावर तिची नक्कल दाखवितो, आणि आडव्या पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काळोख असतो.